डॉक्टर आल्बर्ट श्वाइट्झर व ओगोवे नदीकांठचे पहिले दिवस

दवाखाना म्हटला म्हणजे चुन्यानें रंगविलेल्या भिंती, लोखंडी खाटा व औषधांचीं कपाटें आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु ज्या दवाखान्याची हकीकत आज आम्ही देत आहों, त्याचा आरंभ कोंबड्यांच्या खुराड्यांत झाला.

आल्बर्ट श्वाइट्झर यांचा जन्म ता. १४ जानेवारी १८७५ रोजीं आल्सास प्रांतांतील कैझर्सबर्ग या गांवीं झाला. त्यांचे वडील पाळक होते. तिशी उलटण्यापूर्वींच आल्बर्ट हे ईश्वरज्ञानाचे पंडित व ऑर्गन वाजविण्यांत निष्णात म्हणून नांवाजले. तथापि १८९६ सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, पेंटेकॉस्टच्या सणांत त्यांनीं मनाशीं एक निश्चय केला होता. तिसाव्या वर्षापर्यंत विद्या व संगीत यांत राहावें, आणि त्यापुढील आयुष्य मनुष्यांच्या प्रत्यक्ष सेवेस द्यावें, असा तो निश्चय होता. १९०४ सालीं पॅरिस येथील मिशनच्या मासिकांत आफ्रिकेंतील गाबोन प्रांतीं कामकऱ्यांची किती उणीव आहे हें त्यांच्या वाचनांत आलें, आणि आपला शोध संपला असें त्यांस वाटलें. आप्तमित्रांनीं परोपरीनें समजाविलें, पण ते ढळले नाहींत. १९०५ सालीं प्रोफेसरांच्या बाकावरून उठून ते वैद्यकीच्या विद्यार्थ्यांच्या बाकावर जाऊन बसले.

अभ्यास पुरा होण्यास कित्येक वर्षें लागलीं. १९१२ सालीं त्यांचें लग्न झालें. त्यांच्या पत्नी हेलेन यांनींही या कामासाठीं परिचारिकेचें शिक्षण घेतलें होतें. तरी एक अडचण उरली. श्वाइट्झर यांचीं धर्ममतें मिशनमधील कित्येकांस पसंत नव्हतीं. तेव्हां दवाखान्याचा खर्च आपण स्वतः मिळवूं, आणि तेथें केवळ वैद्य म्हणून राहून उपदेश करणार नाहीं, असें वचन त्यांनीं दिलें. मोठ्या पंडितानें मुकें राहण्याचें कबूल करावें, ही लहान गोष्ट नव्हे.

१९१३ च्या मार्च महिन्यांत, उत्तम शुक्रवारीं, तीं दोघें घरून निघालीं. औषधें व सामान यांच्या सत्तर पेट्या त्यांच्याबरोबर होत्या. एप्रिलच्या मध्यास ओगोवे नदीवरून तीं लांबारेने येथें पोहोंचलीं. हें ठिकाण विषुववृत्ताच्या थोडें दक्षिणेस असून तो मुलूख तेव्हां फ्रेंचांच्या ताब्यांत होता. मिशनच्या शाळेंतील मुलें लाकूड कोरून केलेल्या होड्या वल्हवीत त्यांस न्यावयास आलीं.

डॉक्टरांस पहिल्याच दिवसांत असें दिसून आलें कीं, जें वाचलें होतें त्याहून दुःख पुष्कळच मोठें आहे. पहिले तीन आठवडे अत्यवस्थ रोग्यांखेरीज कोणीं येऊं नये, असें आधीं कळविण्यांत आलें होतें. तें कोण ऐकतो? औषधांच्या पेट्या यावयाच्या होत्या, दवाखान्याची इमारत मजुरांअभावीं उभीच राहिली नव्हती. आणि दारापुढें तर रोग्यांची दाटी झाली. हिंवताप, आमांश, खरूज, चिघळलेल्या जखमा, कुष्ठ, निद्रारोग, अंतर्गळ, असे नाना रोग घेऊन लोक दोनतीनशें किलोमीटरांवरून होडींतून येत. डॉक्टर घरापुढील अंगणांत उन्हांत बसून त्यांस तपाशीत. संध्याकाळीं वादळ उठलें कीं सारें सामान ओसरीवर ओढून न्यावें लागे.

शेवटीं त्यांनीं कोंबड्यांचें एक जुनें खुराडें झाडून, फळ्या ठोकून, भिंतींस चुना लावून घेतला. त्यास खिडकी नव्हती, व छपरास भोंकें असल्यामुळें आंतही दिवसभर उन्हाची टोपी घालावी लागे. तरी बाहेर पाऊस कोसळत असतां आंत स्वस्थपणें जखमा बांधतां येतात, याचाच त्यांस मोठा आनंद वाटे.

जोसेफ नांवाचा तेथील एक मनुष्य दुभाषी म्हणून लाभला. तो पूर्वीं स्वयंपाकी असल्यामुळें रोग्याच्या शरीराचे भाग खाटकाच्या दुकानांतील मांसाच्या नांवांनीं सांगे. लोक डॉक्टरांस ओगांगा, म्हणजे मांत्रिक, म्हणत. कोणी बाटलीभर औषध एकदमच पिऊन टाकी, कोणी मलम खाई. म्हणून कसें व केव्हां घ्यावें हें पुन्हां पुन्हां सांगावें लागे. पहिल्या नऊ महिन्यांत जवळजवळ २,००० रोगी त्यांच्या हाताखालून गेले. वर्ष सरण्यापूर्वीं पत्र्याचें घर उभें राहिलें. त्यांत मुख्य खोल्या दोन, प्रत्येकी १३ फूट लांबरुंद. शस्त्रक्रियेच्या वेळीं गुंगीचें औषध देण्याचें काम हेलेनबाई करीत.

आणि त्या वचनाचें काय झालें? तेथील मिशनरी व उपदेशक यांनींच लवकर त्यांस वचनांतून मोकळें करून उपदेशास उभें केलें. मतांविषयींची भीति कामापुढें टिकली नाहीं.

१९१४ सालीं महायुद्ध पेटलें. तीं दोघें जर्मन प्रजा ठरल्यामुळें नजरकैदेंत पडलीं, व १९१७ सालीं त्यांस कैदी म्हणून फ्रान्सांत नेलें. १९२४ सालीं डॉक्टर परत आले तों झोंपड्या पडून त्यांवर रान माजलेलें! त्यांनीं पुन्हां आरंभ केला, आणि १९२७ सालीं नव्या जागीं मोठा दवाखाना नेला. १९५२ सालचें नोबेल शांतता पारितोषिक त्यांस मिळालें. तें द्रव्य त्यांनीं कुष्ठरोग्यांच्या वसाहतीस लाविलें. ता. ४ सप्टेंबर १९६५ रोजीं, वयाच्या नव्वदाव्या वर्षीं, ते लांबारेने येथेंच निवर्तले.

ते निर्दोष नव्हते. आफ्रिकेंतील लोकांचे आपण वडील बंधु आहों अशी त्यांची भावना असे, आणि वडीलपणा गाजविणारा भाऊ धाकट्यास नेहमींच आवडतो असें नाहीं. गाबोन १९६० सालीं स्वतंत्र झाला; त्यांच्या या वृत्तीवर पुष्कळांनीं टीका केली, ती निराधार नव्हे. सेवकानें आपणांस धनी समजूं नये, हा धडाही या चरित्रांतून घ्यावा.

बंधुभगिनींनो, आपल्या गांवीं कोणी तापानें पडला असेल, तर मंडळीची इमारत बांधून होईपर्यंत किंवा अधिक विद्वान उपदेशक येईपर्यंत थांबूं नये. त्यास गाडींत घालून दवाखान्यांत न्यावें, औषध कसें घ्यावयाचें तें नीट समजून घेऊन त्यास पुन्हां पुन्हां सांगावें, आणि रात्रीं त्याच्या उशाशीं बसावें. प्रभूच्या नांवानें पाजलेला थंड पाण्याचा प्यालाही व्यर्थ जात नाहीं.