आंजेलो दा फोन्सेका : गव्हाण आपल्या अंगणात आणणारा चित्रकार



आगमनकाळ सुरू झाला की आपल्या धर्मग्रामात बांबू, गवत, चमकीचा कागद आणि कापूस यांची जमवाजमव सुरू होते. या देखाव्याला आपल्यात कुणी क्रिब म्हणतो, कुणी हिंदीतून चरनी, तर कुणी गव्हाण. इटलीत प्रेसेपे, फ्रान्समध्ये क्रेश, जर्मनीत क्रिप्पे अशी नावे आहेत. त्यांचाही मूळ अर्थ गुरांची गव्हाण हाच. स्पॅनिश लोक तर सरळ बेलेन, म्हणजे बेथलेहेमच म्हणतात. १२२३ साली असिसीच्या संत फ्रान्सिसने ग्रेच्चो गावी खरे गवत, जिवंत बैल आणि गाढव आणून नाताळची मिस्सा साजरी करविली. बेथलेहेम आपल्या गावात, आपल्या डोळ्यांसमोर दिसावे, एवढीच त्याची इच्छा होती. हेच काम आपल्या देशात रंगांनी करणाऱ्या एका चित्रकाराची आज ओळख करून घेऊ या.

आंजेलो दा फोन्सेका यांचा जन्म १९०२ साली गोव्यातील सांतु इस्तेव्ह या बेटावर एका कॅथोलिक कुटुंबात झाला. घरच्यांच्या इच्छेप्रमाणे ते डॉक्टरकी शिकण्यासाठी मुंबईला आले, परंतु मन रमेना. ते शिक्षण सोडून त्यांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टची वाट धरली. तेथील पाश्चात्त्य वळणाची कलाही त्यांना आपली वाटेना. अखेर ते बंगालमध्ये गेले आणि अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांच्या सहवासात भारतीय चित्रकला शिकले.

गोव्यात परतल्यावर त्यांनी पवित्र मारियेला साडी नेसवली. डोक्यावर पदर, अनवाणी पाय, आपल्यासारखा सावळा वर्ण. मांडीवरचे बाळही आपल्याच घरातले वाटावे असे. त्या वेळी गोव्यात पोर्तुगीजांचे राज्य होते आणि निळ्या डोळ्यांच्या, युरोपीय पेहरावातील मूर्तींची लोकांना सवय होती. या चित्रांत अनेकांना श्रद्धेचा अपमान दिसला. विरोध परक्यांनी केला असता तर सोसवला असता. येथे आपलीच माणसे रागावली होती. फोन्सेकांना गाव सोडावे लागले.

त्यांना आसरा मिळाला तो पुण्यातील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात. जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूंनी स्थापलेल्या या आश्रमात एक कॅथोलिक चित्रकार वर्षानुवर्षे राहून काम करीत राहिला, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. मुंबईचे येशूसंघीय इतिहासकार फादर हेन्री हेरास यांच्यासारख्यांनी त्यांना प्रोत्साहन दिले. शेकडो चित्रे त्यांच्या हातून झाली. पैसा फारसा मिळाला नाही. कडवटपणा धरून त्यांनी धर्मसभा मात्र सोडली नाही.

१९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीच्या दस्तऐवजात सर्व लोकांच्या व सर्व प्रदेशांच्या कलेला ख्रिस्तसभेत मोकळे स्थान दिले. फोन्सेका ज्यासाठी तीसेक वर्षे झटत होते, ते आता ख्रिस्तसभेने स्वतः सांगितले. त्यानंतर चारच वर्षांनी, २८ डिसेंबर १९६७ रोजी, नाताळच्या अष्टकातच त्यांनी देह ठेवला. आज त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह गोव्यात पर्वरी येथील झेवियर सेंटरमध्ये आहे.

मी खरे सांगतो, सेमिनरीत असताना त्यांचे चित्र प्रथम पाहिले तेव्हा मलाही ते खटकले होते. ही आपली मारिया नव्हे, असे वाटले. पुढे विचार केला तेव्हा कळले की मला सवयीची असलेली गोरी मारियासुद्धा कुणा युरोपीय चित्रकाराने आपल्याच गावच्या बायका पाहून रंगवली होती. देवाने माणसाचा देह घेतला म्हणजे एक गाव, एक बोली, एक आई स्वीकारली. हवेत राहणारा, कुठल्याच मातीचा नसलेला माणूस नसतो. म्हणून फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागात गव्हाणीपुढे मातीचा पाववाला आणि कोळीण उभी असते, ते योग्यच आहे.

आता आपल्याकडे वळू या. ज्या कापसावर विदर्भातील शेतकऱ्याचे घर चालते किंवा मोडते, तोच कापूस आपण दरवर्षी गव्हाणीवर बर्फ म्हणून पसरतो! नागपुरात बर्फ पडत नाही. या वर्षी कापसाला कापूसच राहू द्या. गव्हाणीजवळ कापसाचे एक बोंड, थोडी ज्वारी, दोन संत्री ठेवा. चितार ओळीत उत्तम मूर्तिकार आहेत. तेथून एक मातीचा शेतकरी आणि डोक्यावर पाटी घेतलेली मजूर बाई आणता येईल. बाळाच्या दर्शनाला पहिले आले ते मेंढपाळ, रात्री उघड्यावर राबणारे लोक. आपल्या भोवतीचे तसे लोक त्या देखाव्यात दिसले, तर मिस्सा संपल्यावर रस्त्यातही ते आपल्याला दिसतील.

बाळ येशू आपणां सर्वांच्या घरी जन्म घेवो.

आपला,
धर्मगुरू