हरमान फॉन हेल्महोल्ट्झ : बराकीत घडलेला शास्त्रज्ञ

मागच्या जानेवारीतली गोष्ट. दिल्लीचे धुके किती दाट असते ते इथल्या मुलांना सांगायला नको. सातारा-सांगलीकडच्या पालकांनी कल्पना करावी. सकाळच्या पी.टी.ला ऑब्स्टॅकल कोर्सच्या टोकाला एक कॅडेट नुसता उभा दिसला. मी दोनदा आवाज दिला, तिसऱ्यांदा रागावलोही. जवळ गेलो तर खांबावर कुणीतरी जर्सी वाळत टाकलेली! दिसले होते फक्त एक उभी रेघ आणि खांद्यासारखा एक उतार. डोके, हात, पाय सगळे माझ्या मेंदूने पुरवले होते. हे असे का होते याचा पाया घालणारा माणूस स्वतः फौजेतला डॉक्टर होता, म्हणून या अंकात त्याची ओळख.

हरमान हेल्महोल्ट्झ यांचा जन्म 31 ऑगस्ट 1821 रोजी पोट्सडॅम इथे झाला. बर्लिनजवळचे हे छावणीचे गाव. लहानपणी तिथल्या लष्करी चर्चच्या मनोऱ्यावर उभी असलेली माणसे पाहून त्याला त्या बाहुल्या वाटल्या, आणि हात वर करून काढून दे म्हणून तो आईच्या मागे लागला. लांबची वस्तू लहान दिसते, हे त्या वयात डोळ्यांना ठाऊक नव्हते. ही आठवण त्यांनी पुढे आपल्या ग्रंथात शास्त्रीय पुरावा म्हणून दिली.

वडील शाळामास्तर, घरची परिस्थिती बेताची. मुलाला भौतिकशास्त्र शिकायचे होते, पण पैसे नव्हते. मार्ग निघाला तो सैन्याचा. बर्लिनच्या लष्करी वैद्यकीय संस्थेत 1838 मध्ये प्रवेश मिळाला : शिक्षण सरकारी खर्चाने, बदल्यात आठ वर्षे फौजेत डॉक्टरकी. आपल्या पुण्याच्या ए.एफ.एम.सी.सारखेच म्हणा. 1841 मध्ये ते तापाने आजारी पडले आणि विद्यार्थी म्हणून इस्पितळात फुकट उपचार झाले. तेवढ्या दिवसांत भत्ता शिल्लक पडला, त्यातून त्यांनी सूक्ष्मदर्शक विकत घेतला. खिशात पैसे साठले की आपण काय घेतो, ते ज्याचे त्याने आठवावे.

1843 मध्ये नेमणूक झाली ती पोट्सडॅमच्याच पलटणीत. बराकीतच त्यांनी छोटी प्रयोगशाळा थाटली. सैनिकांचे औषधपाणी सांभाळून उरलेल्या वेळात काम. जुलै 1847 मध्ये, सव्वीस पूर्ण व्हायच्या आत, ऊर्जेच्या अक्षय्यतेवरचा निबंध बर्लिनमध्ये वाचला. नामांकित नियतकालिकाने तो छापायला नकार दिला, तेव्हा तो वेगळी पुस्तिका म्हणून निघाला. दहावीच्या पुस्तकात आपण पाठ करतो तो नियम हाच. पुढच्याच वर्षी हंबोल्ट यांच्या शब्दाने सेवेतून लवकर मुक्तता मिळाली आणि ते प्राध्यापकीकडे वळले. क्योनिग्सबर्ग, बॉन, हायडेलबर्ग, मग बर्लिन. बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो हेही त्यांनी मोजले. मोजताच येणार नाही, असे त्यांचे गुरू म्युलर मानत. वेग निघाला सेकंदाला साधारण तीस मीटर, म्हणजे आवाजापेक्षाही पुष्कळ कमी.

पण आपला विषय डोळा. त्यावरचा त्यांचा मोठा ग्रंथ 1856 ते 1867 या काळात भागाभागाने पुरा झाला. त्यातला विचार असा : डोळा मेंदूकडे चित्र पाठवत नाही, नुसत्या खुणा पाठवतो, आणि त्याही अपुऱ्या. त्या खुणा आजवर बहुधा कशामुळे उमटल्या, हे अनुभवावरून ताडून मेंदू ती वस्तू समोर आहे असे ठरवतो. हे अनुमान इतके झटपट होते की आपल्याला त्याचा पत्ताच लागत नाही, आणि चूक कळली तरी ते थांबत नाही. खांबावर जर्सी आहे हे कळल्यावरही, मागे वळून पाहिले तेव्हा मला पुन्हा माणूसच दिसला.

खात्री करून घ्या. कोऱ्या कागदावर डावीकडे फुली काढा आणि उजवीकडे आठ सेंटिमीटरवर एक सेंटिमीटरचा ठसठशीत ठिपका. डावा डोळा झाका, उजव्याने फक्त फुलीकडे पाहा आणि कागद फूटभर अंतरावरून हळूहळू मागेपुढे करा. एका जागी ठिपका नाहीसा होईल. तिथे डोळ्यातून मज्जातंतू बाहेर पडतो, तेवढा भाग आंधळा असतो. पण भोक दिसत नाही, कोरा कागद दिसतो. मेंदू ठिगळ लावतो.

मग हे सगळे शिकलेले की जन्मजात? हेल्महोल्ट्झ शिकण्याच्या बाजूचे. माझ्या मते त्यांनी तो मुद्दा थोडा ताणला, पण त्यांच्या बाजूचा एक भक्कम पुरावा आपल्या दिल्लीतूनच आला. जन्मापासून न दिसणाऱ्या, पण उपचार होऊ शकणाऱ्या मुलांवर इथल्या श्रॉफ धर्मादाय नेत्र रुग्णालयात शस्त्रक्रिया झाल्या आणि पवन सिन्हा यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश'ने त्या मुलांचा अभ्यास केला. हाताने चाचपलेली वस्तू नुसती पाहून ओळखणे त्यांना सुरुवातीला जमले नाही. एकावर एक आलेले दोन आकार त्यांना अनेक तुकडे वाटत. वस्तू हलली की मात्र तुकडे जुळून येत. पुढच्या काही महिन्यांत स्थिर चित्रेही उमगू लागली.

1893 मध्ये अमेरिकेतल्या शिकागोच्या प्रदर्शनाहून परतताना हेल्महोल्ट्झ जहाजावर पडले. त्यानंतर प्रकृती पूर्ववत झाली नाही आणि 8 सप्टेंबर 1894 रोजी त्यांचे निधन झाले.

एक सांगायचे राहिले. जिवंत माणसाच्या डोळ्याचा मागचा पडदा दाखवणारे उपकरण त्यांनी 1850 च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये जाहीर केले. पहिला नमुना पुठ्ठा, चष्म्याची भिंगे आणि सूक्ष्मदर्शकाच्या काचा जोडून घरीच केलेला. मेडिकल बोर्डाच्या अंधाऱ्या खोलीत डॉक्टर अगदी नाकाला नाक लावून तुमच्या डोळ्यात उजेड टाकतात, तेव्हा त्यांच्या हातात असते ते याच उपकरणाचे नवे रूप.