जखमी हाताने सी. के. नायडू लॉर्ड्सवर खेळले, पण तुम्ही तसं करू नका

25 जून 1932. लॉर्ड्सवर भारताची पहिली कसोटी सुरू झाली. कॅप्टन होते नागपूरचे सी. के. नायडू.

फिल्डिंग करताना एक कॅच पकडायला गेले आणि सीकेंच्या हाताला जबर मार लागला. तरी ते बॅटिंगला उतरले. समोर बोवेस आणि व्होससारखे फास्ट बॉलर होते. त्या हाताने सीकेंनी 40 रन्स काढले. भारताच्या पहिल्या डावातले ते सर्वाधिक. मॅच 158 रन्सने हरलो, पण सीकेंचं नाव झालं. 1933 मध्ये विस्डेनने त्यांना वर्षातल्या पाच क्रिकेटपटूंत निवडलं.

सीकेंचा जन्म 31 ऑक्टोबर 1895 चा, नागपूरचा. शाळा, क्रिकेट सगळं इथलंच. 1926 मध्ये मुंबईत एमसीसीविरुद्ध 11 सिक्स मारत 153 रन्स ठोकले आणि देशभर गाजले. तोवर इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी त्यांना आपल्याकडे बोलावून घेतलं होतं, सैन्यात कॅप्टनही केलं होतं.

आता प्रश्न हाताचा. त्या काळी हाताला मार लागला की डॉक्टर काय करायचे?

एक्स-रे होता. पण पेनिसिलिन सर्रास मिळू लागलं ते 1940 च्या दशकात. त्याआधी हात उघडून ऑपरेशन करायचं म्हणजे जखम चिघळण्याची मोठी भीती. म्हणून भर असायचा तो हाड हाताने जागेवर बसवणं, पट्टी आणि प्लास्टरवर.

आज ऑपरेशन सोपं झालंय, तरी हाताची बहुतेक फ्रॅक्चर्स त्याशिवायच बरी होतात. हाड जागेवर असेल तर स्प्लिंट किंवा शेजारच्या बोटाला बांधून ठेवणं पुरतं. साधारण 3-4 आठवड्यांत हालचाल सुरू करावी लागते, नाहीतर सांधे आखडतात. बोटाचं टोक खाली लोंबकळत असेल तर मात्र 6 ते 8 आठवडे स्प्लिंट काढायचाच नाही.

मग ऑपरेशन कधी? मूठ वळताना एक बोट दुसऱ्यावर चढत असेल, हाड जखमेतून उघडं पडलं असेल, सांध्याच्या आतला तुकडा सरकला असेल किंवा हाड जागेवर टिकत नसेल तर. तेव्हा बारीक तारा, स्क्रू किंवा प्लेट लावतात. त्यातही सांधा आखडण्याचा आणि इन्फेक्शनचा धोका असतोच. म्हणून ऑपरेशन म्हणजे भारी उपचार आणि प्लास्टर म्हणजे स्वस्तातलं काम, हा समज चुकीचा आहे.

खापा, सावनेरच्या मैदानावर बॉल लागून बोट सुजलं की दोन गोष्टी हमखास होतात. कुणीतरी बोट ओढतं, नाहीतर तेल लावून चोळतं. दोन्ही टाळा. अंगठी लगेच काढा, कापडात गुंडाळून बर्फ लावा, हात वर धरा आणि एक्स-रे काढा. बोट हलतंय म्हणजे हाड मोडलेलं नाही, असं नसतं. वाकडं जुळलेलं हाड नंतर सरळ करणं जास्त अवघड जातं.

सीके 1963-64 च्या मोसमात, वयाच्या 68 व्या वर्षी शेवटचा फर्स्ट क्लास सामना खेळले. 14 नोव्हेंबर 1967 ला इंदूरमध्ये त्यांचं निधन झालं. लॉर्ड्सवरच्या त्या हाताने पुढे तीन दशकं साथ दिली. पण ती पहिली कसोटी होती आणि ते कॅप्टन होते. रविवारच्या मॅचसाठी हात पणाला लावायची गरज नाही.