विश्लेषण : गायक गेला आणि गाणे ‘नंबर वन’ झाले! लेडबेली कोण होते?

१९५० च्या उन्हाळ्यात अमेरिकेत रेडिओ लावला की ‘गुडनाइट आयरीन’ ऐकू येई. ‘वीव्हर्स’ या चौघांच्या गटाने गायिलेले हे गाणे ‘बिलबोर्ड’च्या यादीत १३ आठवडे पहिल्या स्थानी होते. लोकगीत धडाक्यात खपू शकते, हे रेकॉर्ड कंपन्यांना तेव्हा पटले. पण ज्यांच्याकडून ‘वीव्हर्स’नी ते घेतले, ते लेडबेली ६ डिसेंबर १९४९ रोजीच न्यूयॉर्कमध्ये निवर्तले होते.

तुरुंगात का गेले?

हडी लेडबेटर हे खरे नाव. लुइझियानातील कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबात जन्म. बारा तारांच्या गिटारवर हुकमत आणि स्वभाव तापट. १९१८ मध्ये टेक्सासमध्ये खुनाबद्दल शिक्षा झाली. गव्हर्नर पॅट नेफ यांच्यासमोर त्यांनी सुटकेची विनंती चक्क गाण्यातून केली. १९२५ मध्ये माफी मिळाली. १९३० मध्ये खुनाच्या प्रयत्नाबद्दल पुन्हा गजाआड, या वेळी लुइझियानाच्या अँगोला तुरुंगात.

गाणे बाहेर कसे आले?

१९३३ मध्ये जॉन लोमॅक्स आणि त्यांचा मुलगा ॲलन ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’साठी लोकगीते गोळा करत अँगोलात पोहोचले. सोबत गाडीत सुमारे १४० किलोचे ध्वनिमुद्रण यंत्र. (आज हे काम खिशातला फोन करतो!) त्यावर लेडबेलींचा आवाज तबकडीत कोरला गेला, ‘आयरीन’सह. १९३४ मध्ये ते सुटले. ही सुटकाही गाण्यामुळेच झाल्याची कथा वृत्तपत्रांनी रंगवली. प्रत्यक्षात चांगल्या वर्तणुकीबद्दलची सूट मिळाली होती.

पण खपत होती ती कथाच. न्यूयॉर्कला गाणाऱ्या कैद्याचे कुतूहल होते, म्हणून सुटलेल्या माणसाला कॅमेऱ्यासमोर पुन्हा कैद्याचे कपडे घालावे लागले. १९३५ मध्ये निघालेल्या तबकड्या मात्र फारशा खपल्या नाहीत. लोमॅक्स यांची गाडी चालवणारे, त्यांच्या कार्यक्रमांत गाणारे लेडबेली त्याच वर्षी पैशांच्या वाटणीवरून त्यांच्यापासून वेगळे झाले.

मग ‘वीव्हर्स’ना कसे जमले?

गॉर्डन जेंकिन्स यांचा वाद्यवृंद, गुळगुळीत सूर आणि काही सौम्य केलेले शब्द. तुरुंगाचा मागमूसही नाही.

गाणे नेमके कुणाचे?

श्रेयात लेडबेटर यांच्यासोबत जॉन लोमॅक्स यांचेही नाव होते. लोमॅक्स यांनी ते रचले नव्हते. मुद्रित केले होते. लेडबेली स्वतः ते काकांकडून शिकले होते. आणि त्याच्याशी मिळतेजुळते एक गीत कृष्णवर्णीय संगीतकार गसी डेव्हिस यांनी १८८६ मध्येच प्रसिद्ध केले होते. त्यांचे नाव श्रेयात नव्हते.