चापूचे वारस

नव्वदच्या दशकात बँकेच्या नोकरीत माझी काही वर्षे दौलताबादच्या परिसरात गेली. पीककर्जाच्या फायली चाळायच्या, सातबारे तपासायचे आणि सीताफळांच्या दिवसांत रस्त्याकडेच्या टोपल्यांपाशी घासाघीस करायची, असे ते दिवस. सातबारे पाहता पाहता एक गोष्ट ध्यानात आली. जमीन कमावणाऱ्याचे नाव एकच असते. वारसांची नावे मात्र पानात मावत नाहीत. आमच्या घरी तरी वेगळे काय होते? वडिलांच्या चार एकरांपायी आम्ही दोघे भाऊ अकरा वर्षे एकमेकांशी बोललो नाही.

दुपारी किल्ल्याकडे पाहत डबा खाताना मला मलिक अंबर आठवे. मूळ नाव चापू. जन्म 1548 च्या सुमाराचा, इथिओपियातला. कोवळ्या वयात तो गुलामांच्या बाजारात आला आणि अरबस्तान, बगदाद असे मालक बदलत दख्खनला पोचला. वाटेत एका मालकाने त्याला शिकवले आणि अंबर हे नाव दिले. निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा पेशवाही एके काळचा हबशी गुलामच! त्याच्या मृत्यूनंतर अंबर मोकळा झाला.

1600 मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. राज्य बुडाले, असे सर्वांनी धरले. अंबरने मात्र त्या घराण्यातला एक वारस शोधून त्याला गादीवर बसवले आणि पुढली पंचवीस वर्षे मराठे सरदारांना हाताशी धरून गनिमी काव्याने मोगलांना दमवले. जहांगीर इतका चिडला, की अंबरच्या मुंडक्यावर आपण बाण सोडतो आहोत, असे चित्र दरबारात रंगवले गेले. ते मुंडके हाती मात्र कधी आले नाही. 1624 मध्ये भातवडीला मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजा त्याने हरवल्या. शहाजीराजे तेव्हा त्याच्याच बाजूने लढत होते.

माझ्यातल्या बँकवाल्याला मोह पडतो तो त्याच्या कारभाराचा. त्याने वसुलीचा मक्ता बंद केला, जमिनी मोजल्या, त्यांची प्रत ठरवली आणि पीक पाहून सारा बसवला. 1610 च्या सुमारास खडकी वसवली आणि डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरीतून, केवळ उताराच्या बळावर, गावात आणले. पाण्याचा दाब सांभाळणारे उंच बंब शहरात आजही दिसतात.

खतावणीला नावेची बाजूही असते. स्वतः विकला गेलेला हा माणूस पुढे फौजेसाठी हबशी गुलाम विकत घेत असे. त्याच काळात, 1619 मध्ये, आफ्रिकेतली माणसे अमेरिकेत व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर उतरवली गेली. तिथल्या ज्या मळेवाल्या घराण्यांनी पुढे स्वतंत्र देश उभारला, त्यांचे मळे गुलामांच्या घामावर पिकत होते. त्यांचा वारसा सांगताना तिकडे आता दोन्ही बाजू मांडाव्या लागतात. अंबरच्या बाबतीत आपण तरी एकच बाजू का सांगावी?

1626 मध्ये अंबर वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. मुलगा फत्तेखान याने खडकीला फतेहनगर नाव दिले, आपल्याच निजामशहाचा जीव घेतला आणि 1633 मध्ये मोगलांकडून पैसे घेऊन दौलताबादचा किल्ला त्यांच्या हवाली केला. बापाने सबंध आयुष्य वेचून राखलेले त्याने सात वर्षांत घालवले. फतेहनगरचे पुढे औरंगाबाद झाले, 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर. वसवणाऱ्याचे नाव गावाला कधीच लागले नाही. पाणी मात्र नाव न विचारता कित्येक पिढ्यांच्या घरी पोचले.

बदली होऊन निघण्याआधी मी धाकट्याला पत्र टाकले. पुढे वाटणी रीतसर झाली. बांध पडला, खाती वेगळी झाली. वडिलांनी खोदलेली विहीर तेवढी आम्ही सामाईक ठेवली. उन्हाळ्यात पाण्याच्या पाळीवरून अजून कुरबुर होते. पण त्या निमित्ताने बोलणे तरी होते.