विद्यार्थी भीमराव

घरातले मूल प्रथमच कॉलेजात जाते, तेव्हा त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार, ही काळजी तुम्हांला लागते. अशा वेळी परमपूज्य बाबासाहेबांचे विद्यार्थिजीवन डोळ्यांपुढे आणावे.

परळच्या डबक चाळीत सगळ्या कुटुंबाला एकच खोली होती. रामजी सुभेदार रात्री दोनपर्यंत जागत, मग भीमरावांना अभ्यासाला उठवीत आणि नंतर स्वतः झोपत. शिस्तीचे बी तेथे पेरले गेले.

१९१३ साली भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे विटाळ मानणारे कोणी नव्हते, तसे पहाटे उठवणारेही कोणी नव्हते. सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मोजकी आणि मुदतीची होती. त्यातूनच घरी पैसे पाठवायचे. भीमराव अठरा-अठरा तास अभ्यास करीत आणि पोटाला चिमटा घेऊन जुनी पुस्तके विकत घेत. १९१५ साली ते एम. ए. झाले.

मुदत संपल्याने १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून ते परतले आणि करार पाळण्यासाठी बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. तेथे राहायला जागा मिळेना, कचेरीतले शिपाई कागद लांबून फेकीत. अखेर त्यांना बडोदे सोडावे लागले. शब्द त्यांनी पाळला होता. माणुसकी समाजाने पाळली नाही.

मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. पण नागरिकाचे कर्तव्य शिक्षण पुरे होईपर्यंत पुढे ढकलले नाही. १९१९ साली साउथबरो समितीपुढे त्यांनी आपल्या लोकांच्या मताधिकारासाठी साक्ष दिली. जानेवारी १९२० मध्ये 'मूकनायक' सुरू केले. त्याच वर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली डी. एस्सी.चा प्रबंध दुरुस्तीसाठी परत आला. ते खचले नाहीत. प्रबंध सुधारून दिला आणि त्याच वर्षी तो मान्य झाला.

ही शिस्त छडीच्या धाकाची नव्हती. बापाचे जागरण त्यांनी पाहिले होते आणि आपण कोणासाठी शिकतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून सांगतो, वसतिगृहातल्या मुलामागे पहारेकरी ठेवता येत नाही. तो घरी असतानाच त्याच्या अभ्यासासाठी तुम्ही थोडे जागा. तो शिकेल त्यात वस्तीचाही वाटा आहे, हे त्याला समजावून सांगा. मग दूर गेल्यावर तो स्वतःच स्वतःवर लक्ष ठेवील.