विश्लेषण : ‘चेक इंजिन’चा दिवा आणि अननसाचा वास शोधणारा शास्त्रज्ञ

गाडी नीट चालत असते, तरी डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. मेकॅनिक स्टीअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडतो आणि ‘पी ०४२०’ असा कोड सांगतो. या दिव्यामागची कथा आरी हाखेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञापासून सुरू होते.

कोण होते हाखेन-स्मिट?
नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथे १९०० मध्ये त्यांचा जन्म झाला. तिथेच डॉक्टरेट मिळवून ते अमेरिकेत गेले आणि १९३७ पासून कॅलिफोर्नियातील ‘कॅलटेक’ संस्थेत रमले. वनस्पतींमधील गंध आणि स्वाद हा त्यांचा विषय. अननसाचा वास नेमका कशाचा, याचा ते शोध घेत होते.

मोटारींशी संबंध कसा आला?
१९४३ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसवर डोळे चुरचुरणारे धुके उतरले. युद्धकाळ असल्याने काहींना तो शत्रूचा वायुहल्ला वाटला. संशय कृत्रिम रबराच्या कारखान्यावर गेला. पण तिथले काम थांबवूनही धुके हटले नाही. हाखेन-स्मिट यांनी अननसासाठीचेच तंत्र शहराच्या हवेवर वापरले. हवा अतिथंड करून गोठवली, तेव्हा हाती दुर्गंधीयुक्त तपकिरी द्रवाचे काही थेंब आले.

निष्कर्ष अनपेक्षित होता. मोटारी आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून सुटणारे न जळालेले इंधन व नायट्रोजन ऑक्साइड यांच्यावर ऊन पडले, की ओझोन तयार होतो. म्हणजे दोषी फक्त धुराडी नव्हती. घरोघरची मोटारही होती.

विरोध का झाला?
तेल उद्योगाच्या पैशावर संशोधन करणाऱ्या संस्थेने हा निष्कर्ष अमान्य केला. आपल्या शास्त्रीय कामावरच शंका घेतली गेल्याने शांत स्वभावाचे हाखेन-स्मिट चिडले आणि गंधांचे संशोधन बाजूला ठेवून धुक्याच्या मागे लागले. पुढील प्रयोगांनी त्यांचेच म्हणणे खरे ठरले.

१९६८ मध्ये ते कॅलिफोर्नियाच्या हवा संसाधन मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले. मात्र जुन्या गाड्यांनाही प्रदूषणरोधक उपकरण बसवण्याच्या मुद्द्यावरून वाद पेटला आणि १९७३ च्या अखेरीस गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी त्यांना पदावरून दूर केले. त्याच वर्षीचे अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक त्यांना मिळाले. १९७७ मध्ये त्यांचे निधन झाले.

मग फॉल्ट कोड कुठून आले?
१९७५ पासून अमेरिकी गाड्यांत धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सर्रास आले. पण ते बिघडले तरी चालकाला कळत नसे. म्हणून गाडीनेच स्वतःची तपासणी करावी, असा नियम याच मंडळाने केला. १९८८ च्या मॉडेलपासून तो लागू झाला. १९९६ पासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींत एकसारखे सॉकेट आणि कोड आले. भारतातील बीएस-६ गाड्यांतही हीच व्यवस्था आहे.

कोड आला की काय करावे?
कोड लक्षण सांगतो, कारण नाही. ‘पी ०४२०’ म्हणजे कन्व्हर्टर अपेक्षेइतका धूर शुद्ध करत नाही. म्हणून लगेच महागडा कन्व्हर्टर बदलू नये. आधी सायलेन्सरच्या पाइपला गळती आहे का, ऑक्सिजन सेन्सर ठीक आहे का, ते पाहावे. ‘पी ०३००’, म्हणजे मिसफायरचा कोडही असेल, तर प्लग आणि कॉइल आधी दुरुस्त करावे. न जळालेले पेट्रोल कन्व्हर्टरला जाळते. दिवा लुकलुकत असेल, तर वेग कमी करून गाडी लवकरात लवकर सुरक्षित जागी थांबवावी.

दुरुस्ती न करता नुसता कोड पुसला, तर दिवा विझतो. धूर तसाच राहतो. तो धूर शेवटी आपल्याच श्वासात येतो, हे हाखेन-स्मिट यांनी सात दशकांपूर्वी दाखवून दिले होते.